मामाला हात लावायचा नाही

१

घसा दुखतो म्हणून आलेली बाई इस्पितळातून स्वतःच्या पायांनी बाहेर जाणार होती. पेशाने ती पोहायला शिकवणारी. दमसास दांडगा, आवाज खणखणीत. तो आवाज बसला म्हणूनच ती आली होती. औषधाच्या खिडकीवर तिला गोळ्या मिळाल्या. पहिली गोळी तिने कोपऱ्यातल्या नळाच्या पाण्याबरोबर तिथंच घेतली आणि दोन पावलं चालून भिंतीला हात टेकला. लोकांना पाण्याखाली श्वास धरायला शिकवणाऱ्या बाईला कोरड्या फरशीवर श्वास मिळेना.

नशीब एवढंच, की ती पडली ती इस्पितळातच. घशात नळी घातली, सुया टोचल्या, आणि तिला अतिदक्षता विभागात नेलं.

वाईट गोष्ट निराळीच होती. या बाईला ते औषध चालत नाही हे इस्पितळाला माहीत होतं. चार-सहा महिन्यांपूर्वी याच इमारतीत तिच्या अंगावर गांध्या उठल्या होत्या आणि नर्सने तशी नोंद करून ठेवली होती. नोंद जागच्या जागी होती. खिडकीवर बसणाऱ्या माणसाने गोळ्या देण्यापूर्वी पडद्यावर ती बघायची, हा नियम.

खिडकीवर बसलेल्या बाईचं म्हणणं एकच होतं. "पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'ॲलर्जी: नोंद नाही' असं आलं. मी वाचलं. मग गोळ्या दिल्या."

"पण नोंद आहे," औषधखिडकी आणि संगणक या दोन्ही विभागांच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "आम्ही आत्ता उघडून बघितली."

"आत्ता असेल. तेव्हा नव्हती."

असं कुठं होतं का? नोंद म्हणजे काय मांजर आहे, मध्येच उठून फिरून यायला? मॅडमनी तिला घरी पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चौकशी ठेवली. चौकशीत दोष ठरला असता तर तिचा औषधं देण्याचा परवाना गेला असता, आणि तिला दुसरं काही येत नव्हतं, करायचंही नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर संगणक विभागात ही बातमी दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा एक मुलगी खुर्चीवरून ताडकन उठली. इतरांनी लिहिलेले प्रोग्राम मोडून बघणं हे तिचं काम. रसायनशास्त्र शिकून ती इकडे आली होती आणि "हे कशावरून?" हा प्रश्न तिच्या तोंडी इतका बसला होता, की विभागाने तिचं नाव शंका ठेवलं होतं.

"मॅडम, पडद्यावर चुकीचं आलं असू शकतं," शंका मॅडमच्या खोलीत जाऊन म्हणाली.

"आणि खिडकीवरची बाई तुझी कोण?"

"वहिनी."

"सख्खी?"

"सख्ख्या भावाची बायको."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नणंद भावजयीची बाजू घेते, हे ऐकूनच समिती मला वेड्यात काढेल. तुझा विश्वास तुझ्यापाशी ठेव. उद्या सकाळी पुरावा आणलास तर ऐकते. नाहीतर ती सही करेल आणि विषय संपेल."

२

शंका थेट आजोबांच्या टेबलापाशी गेली.

आजोबा हे वयाने आजोबा नव्हते. चाळिशीच्या आत केस पांढरे झाले म्हणून हे नाव पडलं, आणि मग त्यांनी स्वभावही त्याला साजेसा करून घेतला. रुग्णांच्या ॲलर्जीची नोंदणी सेवा त्यांनी लिहिलेली. खालच्या खिडकीवरचा संगणक विचारतो, वरची सेवा सांगते. हे विचारणं-सांगणं ठरावीक घडणीच्या पाकिटांतून चालतं. त्या पद्धतीला सोप म्हणतात, आणि त्यावरून साबणाचे सगळे विनोद विभागात केव्हाच करून झाले होते. सांगणाऱ्याच्या पाकिटात दोनच गोष्टी असू शकतात. एक तर उत्तर, नाहीतर फॉल्ट. फॉल्ट म्हणजे यंत्राची कबुली: मला उत्तर देता आलं नाही, कारण अमुक, आणि चूक विचारणाऱ्याची की माझी तेही लिहिलेलं.

"आजोबा, डेटाबेसने दगा दिला तर तुमची सेवा काय करते? रिकामी यादी पाठवते?"

आजोबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्यांच्या खानदानाबद्दल काही विचारलं होतं. "शंके, 'नाही' आणि 'माहीत नाही' यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने प्रोग्राम लिहू नयेत. झोपा काढाव्यात. माझी सेवा एक्सेप्शन, म्हणजे मध्येच आलेला बिघाड, गिळत नाही. अडलं की फॉल्ट पाठवते."

"काल दुपारी पाठवला?"

"ते कसं सांगू? गर्दीच्या वेळी डेटाबेस अधूनमधून..." बोलता बोलता त्यांनी सेवेच्या कामकाजाच्या नोंदी उघडल्या, बोटाने पडदा वर सरकवला आणि ते थांबले. पुढे वाकले. चष्मा कपाळावर सारून पुन्हा वाचलं.

"काय?"

"तुझ्या त्या पोहणाऱ्या बाईचा क्रमांक," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "बरोबर त्याच वेळी. डेटाबेसने उत्तर दिलं नाही. मी फॉल्ट पाठवला. चूक माझी, म्हणजे सर्व्हरची, असंही लिहून पाठवलं."

"म्हणजे खिडकीवर हिरवं यायलाच नको होतं. लाल पडदा यायला हवा होता, 'तपासता आलं नाही' म्हणून."

"लालच," आजोबा म्हणाले. "यादी दिसणंही शक्य नाही आणि 'नोंद नाही' दिसणंही शक्य नाही."

३

खिडकीवरचा प्रोग्राम झटपटचा. झटपट हा नावाप्रमाणेच. दोन दिवसांचं काम सकाळच्या चहाआधी करायचा आणि पुढचे दोन दिवस ते निस्तरत बसायचा. एक्सेप्शन गिळण्यात त्याचा हातखंडा होता. काही बिघडलं की ते पकडायचं आणि पकडून त्याचं काहीच करायचं नाही, जसं काही घरात उंदीर धरून तो पुन्हा माळ्यावर सोडायचा.

शंका त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "उघड."

"काय उघडू?"

"जिथं जिथं तू चूक पकडून मूग गिळून बसला आहेस ती प्रत्येक जागा."

"एवढी काही..." म्हणत त्याने उघडलं, आणि पहिल्याच पानावर ती होती. चूक पकडली आहे, पुढे काही नाही.

"सापडलास!"

"अगं ए, नीट बघ. तो इस्पितळाच्या बोधचिन्हाचा फोटो आहे. तो नाही आला म्हणून काही रुग्ण मरत नाही." बोलून गेल्यावर त्याला स्वतःचे शब्द ऐकू आले. "सॉरी."

ॲलर्जीच्या जागी मात्र त्याने सगळं नीट केलं होतं. फॉल्ट आला की लाल पडदा आणि बिघाडांच्या यादीत एक ओळ. "आजोबांनी तिथं माझ्या मानगुटीवर बसून लिहून घेतलंय," झटपट म्हणाला. "आणि काल दुपारी त्या यादीत एकही ओळ नाही. फॉल्ट माझ्यापर्यंत आलाच नाही. साधं, सरळ, व्यवस्थित उत्तर आलं."

"उत्तरात काय होतं?"

"ते मी कुठं साठवून ठेवू? रुग्णाची खाजगी माहिती."

म्हणजे वरून निघाला तेव्हा फॉल्ट होता आणि खाली पोचलं ते उत्तर. मध्ये होता फक्त द्वारपाल.

द्वारपाल हा अबोल गडी तळघरातल्या थंडगार खोलीत यंत्रांच्या घरघरीत बसायचा. इमारतीतलं प्रत्येक पाकीट त्याच्या फाटक-यंत्रातून जायचं. शंका आत गेली तेव्हा तो एकाच केबलला लेबल लावत होता; लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता.

"तू पाकिटातलं काही बदलतोस?"

"मी पाकीट उघडतच नाही. इकडून घेतो, तिकडे देतो."

"न उघडता काय कळतं?"

"पाकिटावर आकडा असतो. दोनशे म्हणजे सगळं ठीक. पाचशे म्हणजे आत फॉल्ट आहे."

"आणि पाचशे असला की तू काय करतोस?"

द्वारपालाच्या हातून लेबल निसटलं. ते उचलायला तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. "मला वर जायचंय," तो टेबलाखालून म्हणाला. "उद्याच्या चौकशीची तयारी करायची आहे."

आणि खरोखरच तिला तिथंच सोडून तो निघून गेला.

४

संध्याकाळी शंका भावाकडे गेली. दादाने दार उघडलं, आणि बोलू नकोस अशी खूण केली. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. समोर मिठाचा डबा, साखरेचा डबा. ती एका डब्यावरचं नाव वाचायची, झाकण उघडून चाखायची, मग दुसऱ्याकडे वळायची.

"काय करते आहेस, वहिनी?"

"परीक्षा घेते आहे. माझ्या डोळ्यांची." वहिनीने झाकण लावलं. "या वन्सं, बसा. आज माझ्या हातचा चहा घ्यायची हिंमत आहे का?"

"तुझ्या हातचा चहा गेली कित्येक वर्षं पिऊनही मी जिवंत आहे. तो दादा करतो तो पिऊन मरायची वेळ येते."

दादा बाहेरून म्हणाला, "ऐकू येतंय मला." कुणी हसलं नाही.

"मला आता हिरवा रंग आठवतच नाही," वहिनी अचानक म्हणाली. "काल छातीठोक सांगत होते. आज सकाळपासून मनात तोच पडदा उघडते आणि बंद करते. उघडून उघडून झिजला बघ तो. कदाचित नोंद असेल तिथं. कदाचित मी दमले होते, माझी नजर घसरली असेल. मॅडमनी निवेदन पाठवलंय. 'माझ्या नजरचुकीने' असं लिहिलंय त्यात. मला तेच खरं वाटायला लागलंय."

"सही केलीस?"

"उद्या करायची आहे. समितीसमोर." तिने साखरेचा डबा पुन्हा उघडला. "पडदा खोटं बोलला असं म्हणायचं, तर मला उद्यापासून कुठल्याच पडद्यावर विसंबता येणार नाही. मी चुकले असं म्हणायचं, तर माझ्यावर. सांग, कुठलं सोपं?"

शंकाने मनातल्या मनात सगळ्यांचं म्हणणं पुन्हा ताडून बघितलं. आजोबा खरं बोलत होते, झटपट खरं बोलत होता, वहिनी खरं बोलत होती. द्वारपाल तर काही बोललाच नव्हता. चहा तिने उभ्यानेच घेतला, आणि घरी जाताना दोनदा चुकीच्या बसमध्ये चढता चढता राहिली.

५

चौकशीला मॅडम होत्या, अतिदक्षता विभागाचे मोठे डॉक्टर होते, आणि संगणक विभागातले तिघे. शंका भिंतीशी उभी होती. वहिनी बाहेर बाकावर.

"आधी एक सांगतो," मोठे डॉक्टर म्हणाले. "बाई धोक्याबाहेर आहे. आज नळी काढू. शुद्धीवर आल्याबरोबर तिने पाटीवर लिहून विचारलं, 'तुमच्याकडे लिहिलेलं होतं ना?' मला तिला उत्तर द्यायचं आहे. तेवढ्यासाठी मी इथं बसलोय."

"बाईंचं पान तपासासाठी मोहोरबंद आहे, आणि खऱ्या रुग्णाची माहिती आम्ही चाचणीत उघडत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण प्रसंग तसाच उभा करता येतो. मामावर."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "कुणाचा मामा?"

खोलीत पहिल्यांदाच जरा सैलावल्यासारखं झालं. मामा हा विभागाचा. यंत्रणा उभी राहिली त्या पहिल्या दिवशी चाचणीसाठी एक खोटा रुग्ण तयार केला होता, तो मामा. त्याला पेनिसिलीन चालत नाही, शेंगदाणे चालत नाहीत, धूळ चालत नाही, मधमाशी तर मुळीच नाही. प्रत्येक नवा प्रोग्राम आधी मामावर चालवून बघायचा. मामाची यादी जशीच्या तशी आली की प्रोग्राम पास. म्हणूनच विभागात नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी दम भरला जायचा: बाकी काही बिघडव, मामाला हात लावायचा नाही. एखाद्याने गंमत म्हणून त्याची धूळ जरी पुसली असती, तरी सगळ्यांच्या चाचण्या एकदम कोसळल्या असत्या.

"आजोबा, मामापुरती नोंदणी सेवा बिघडवा," मॅडम म्हणाल्या.

आजोबांनी आपल्या लॅपटॉपवर तशी कळ दाबली. आता मामाबद्दल कुणी विचारलं की त्यांची सेवा फॉल्टच पाठवणार होती. झटपटने भिंतीवरच्या पडद्यावर खिडकीचा प्रोग्राम लावला आणि मामाचा क्रमांक घातला.

सगळे पडद्याकडे बघत राहिले. लाल यायला हवं होतं.

पडद्यावर मामाची यादी आली. पेनिसिलीन, शेंगदाणे, धूळ, मधमाशी. चारही. ठळक अक्षरांत.

"बघा!" मॅडमचा आवाज मोकळा झाला. "सेवा अडखळली तरी बरोबर उत्तर मिळतं. म्हणजे परवाही पडद्यावर बाईंची ॲलर्जी दिसलीच असणार. खिडकीवर ती वाचली गेली नाही. दुःख आहे, पण हे असं आहे. तिला आत बोलवा, सही होऊन जाऊ दे."

झटपट सुटल्यासारखा खुर्चीत मागे टेकला. द्वारपालानेही मोठा श्वास सोडला, आणि शंकाचं लक्ष गेलं ते त्या श्वासाकडे. इतका वेळ हा श्वास रोखून का बसला होता?

शिपायाने दार उघडलं. वहिनी आत आली. तिने कुणाकडे बघितलं नाही. टेबलावरचं पेन उचललं आणि टोपण काढलं.

"थांब वहिनी," शंका म्हणाली. "मॅडम, चाचणी नापास झाली आहे."

६

"काय बोलते आहेस? चारही ॲलर्जी आल्या," मॅडम म्हणाल्या.

"त्या आल्या हेच चुकलंय. आजोबा, तुमच्या सेवेने आत्ता मामाबद्दल काय सांगितलं?"

आजोबांनी आपला पडदा बघितला. "फॉल्ट. मला सांगता येत नाही, असं."

"नक्की?"

"शंके!"

"मग ही यादी कुणी सांगितली?"

आजोबा भिंतीवरच्या यादीकडे असे बघत राहिले, की जणू बंद घराच्या खिडकीत कुणी दिवा लावला होता.

"एकाला विचारलं, तो म्हणाला माहीत नाही," शंका म्हणाली. "आणि खिडकीवर तर खणखणीत उत्तर पोचलं. म्हणजे वाटेत कुणीतरी दुसऱ्याच कुणाला तरी विचारलं. मामाला ओळखणारा आणखी एक जण या इमारतीत आहे."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "पण बरोबर सांगितलं ना त्याने?"

"मामाबद्दल बरोबर सांगितलं. मामाची यादी शेवटची कधी बदलली?"

"कधीच नाही," झटपट पटकन म्हणाला. "मामाला हात..." आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"म्हणून जो कुणी सांगतोय त्याची माहिती कितीही जुनी असली, तरी मामाबद्दल तो बरोबरच सांगणार. मामा आहेच तसा, न बदलणारा. खरी माणसं बदलतात. पोहणाऱ्या बाईचं नाव इथं कितीतरी वर्षांपासून आहे, पण ॲलर्जी चार-सहा महिन्यांपूर्वीची."

"हे सगळं तर्कात," मॅडम म्हणाल्या, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

"तर्कात नको. आजोबा, सेवा पूर्ववत करा." शंका झटपटच्या शेजारी गेली, नोंदणीचं पान उघडलं आणि मामाच्या यादीत पाचवी ओळ लिहायला घेतली.

"अगं, काय करते आहेस!" झटपट किंचाळला. "सगळ्यांच्या चाचण्या..."

"पडू देत." तिने लिहिलं: साबण.

आजोबांच्या मिशीत काहीतरी हललं, ते हसू होतं की नाही सांगता येणार नाही. सेवा धडधाकट असताना झटपटने मामाला विचारलं. पाच ॲलर्जी आल्या, साबणासकट. मग आजोबांनी मामापुरती सेवा पुन्हा बिघडवली. झटपटने तोच क्रमांक घातला. त्याचं बोट कळेवर क्षणभर अडलं.

पेनिसिलीन, शेंगदाणे, धूळ, मधमाशी.

साबण नाही. फॉल्टही नाही. लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही.

"त्या बाईची तर एकच ॲलर्जी होती," शंका म्हणाली. "तीच नवी. जुन्या माहितीतून ती वजा केली की काय उरतं?"

"नोंद नाही," वहिनी म्हणाली. पहिल्यांदाच ती बोलली. "हिरव्या अक्षरांत." तिने पेनाला टोपण लावलं.

७

"राखीव सर्व्हर आहे," द्वारपाल जमिनीकडे बघत म्हणाला. कुणी त्याला विचारलंही नव्हतं. "पाकिटावर पाचशे दिसला की मी तोच प्रश्न राखीवकडे वळवतो. ते उत्तर दोनशेचं असलं की तेच खाली पाठवतो. फॉल्ट तिथंच राहतो."

"आणि राखीवची माहिती?" आजोबांनी विचारलं.

"रोज नक्कल घ्यायचो. नक्कल चालू असली की तुमची सेवा रखडायची आणि तुम्ही माझ्यावर खेकसायचात. म्हणून बंद केली. पुन्हा चालू करायची राहून गेली. वर्ष होत आलं."

"परवाच कळलं होतं तुला?" शंकाने विचारलं.

"काल. तू तळघरात येऊन विचारलंस तेव्हा. मला वाटलं, मामाच्या चाचणीत ते आपोआपच उघडं पडेल. मग मला तोंड उघडावं लागणार नाही." तो वहिनीकडे वळला, पण पूर्ण वळला नाही. "चाचणी पास झाली, ताई. तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"फॉल्ट असा दाबायचा, हे तुला शिकवलं कुणी?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

द्वारपालाने आजोबांकडे बघितलं. झटपट छताकडे बघू लागला. शेवटी आजोबांनी घसा खाकरला. "मॅडम, मागे खिडकीवर लाल पडदे फार यायला लागले तेव्हा बैठक झाली होती. लोक घाबरतात, रांग अडते. तुम्ही म्हणालात, काहीही करा, लाल दिसता कामा नये."

मॅडमनी चष्मा काढला आणि त्यांना तो कुठे ठेवावा ते सुचेना. "म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "आणि लाल पडदा आला की खिडकीवर काय करायचा नियम आहे?"

"औषध हातात ठेवायचं आणि रुग्णाला विचारायचं," वहिनी म्हणाली. "हिरवं आलं तर विचारायचं नाही, रांग लांबते. त्या बाईला मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. तिला तोंड होतं. मलाही होतं."

मोठे डॉक्टर उठले. त्यांनी टेबलावरचं निवेदन उचललं, अर्धं वाचलं, आणि घडी करून मॅडमच्या पुढ्यात ठेवलं. "यावर सही हवी असेल तर नाव बदलावं लागेल."

तेवढ्यात आजोबा म्हणाले, "अरे."

त्यांच्या लॅपटॉपवर एक नवी ओळ उमटली होती. "आत्ता एक फॉल्ट गेला."

"मामाचा. तुम्हीच बिघडवलाय ना," झटपट म्हणाला.

"मामाचा नाही." आजोबांचा चेहरा केसांइतका पांढरा झाला. "गर्दीची वेळ आहे. खरा रुग्ण आहे. आत्ता, खाली, खिडकीवर."

शंकाने फोन उचलला. खिडकीचा फोन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. "राखीव बंद कर!" ती ओरडली, आणि द्वारपाल खुर्ची पाडून झटपटच्या कळफलकावर झेपावला.

"बंद केला तर इथून पुढे दिवसभर लाल येईल," तो म्हणाला आणि त्याने मॅडमकडे बघितलं.

"येऊ दे," मॅडम म्हणाल्या.

"पण मघाचं उत्तर तर गेलंय खाली," आजोबा म्हणाले. "ते परत कसं घेणार?"

शंका दाराकडे वळली तर दार आधीच उघडं होतं. वहिनी खोलीत नव्हती. जिन्यावरून धडाधड उतरणाऱ्या चपलांचा आवाज येत होता, आणि शंका त्या आवाजामागे धावत सुटली.

८

खिडकीवर बदली बसलेल्या पोराने गोळ्यांची पुडी पुढे केली होती आणि एका ठेंगण्या, घामाघूम बाईने ती धरलीही होती. वहिनी बाजूच्या दाराने आत शिरली आणि खिडकीतून हात घालून तिने त्या बाईचं मनगट पकडलं.

"अगं बाई! चोर की काय मी?" बाई दचकली.

"एक मिनिट, मावशी. ही गोळी घेऊ नका."

"घेऊ नका? मग दिली कशाला?" मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, पुढे सरका की!" बदलीचा पोरगा म्हणाला, "ताई, हिरवं आलंय हिचं. नोंद नाही म्हणतंय."

"पडदा काय म्हणतोय ते नाही विचारलं." वहिनीला धाप लागली होती. शंका दारात थांबली. पुढे जाऊन वहिनीच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटत होतं, पण ती थांबली. "मावशी, तुम्हाला कुठल्या औषधाचा त्रास झालाय का कधी? अंगावर पुरळ, सूज, गुदमरल्यासारखं?"

बाई विचारात पडली. रांगेत चुळबुळ झाली. रांगेबाहेर बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या माणसाकडे वळून तिने हाक मारली. "अहो! ते मागे इंजेक्शन दिल्यावर तोंड सुजलं होतं, ते मला की तुम्हाला?"

"मला!" माणूस वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला.

"नक्की? मलाच वाटतं."

"माझं तोंड सुजलेलं आणि तू आठ दिवस हसत होतीस. विसरलीस?"

"हां!" बाईचा चेहरा उजळला. "हसले होते खरी. त्यांना हो, ताई. मला नाही."

"तुम्हाला कशाचाच नाही?"

"कशाचाच नाही."

बाजूच्या पडद्यावर पुढच्या रुग्णाचं पान उघडलं होतं आणि ते लालभडक होतं. बदलीचा पोरगा घाबरून मागे सरला. वहिनीने त्याला हलकेच बाजूला केलं आणि त्याच्या स्टुलावर बसली. बाईचं मनगट तिने सोडलं, पुडी मात्र अजून तिच्या बोटांत होती. शंकाला वाटलं, ती आता सोडणारच नाही. कशावरून, असं तिचा चेहरा विचारत होता. घरातल्या त्या डब्यांसमोर होता अगदी तसाच.

"कशाचाच नाही ना?" वहिनीने पुन्हा विचारलं.

"नाही गं बाई. आता देतेस का?"

वहिनीने बाईच्या डोळ्यांत नीट बघितलं. "जेवल्यावर एक," ती म्हणाली, पुडी तिच्या तळहातावर ठेवली, आणि लाल पडद्याकडे पाठ करून रांगेकडे वळली. "हं, पुढे या काका. तुम्हाला कुठल्या औषधाचा त्रास होतो?"